अजून एक मूठ पीठ

पत्र (लांबलचक होतं, कापून देते आहे) :

"आदरणीय बाई, मी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. वय ३४. कथा लिहितो, दहा-बारा छापून आल्या आहेत. दर शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास मी नववी-दहावीच्या मुलांना गोष्टी लिहायला देतो. मुलं इतकी रंगतात की घंटा झाली तरी उठत नाहीत. गेल्या वर्षी 'घरातला एक आवाज' असा विषय दिला होता. नववीतल्या एका मुलीनं लिहिलं : 'वळणावर बाबांच्या ट्रकचा हॉर्न वाजला की आई काही बोलत नाही. काठवटीत अजून एक मूठ पीठ घेते.' वाचून मी थबकलो. खाली लाल शाईत 'छान' लिहिलं. पुढे दिवाळी अंकासाठी कथा लिहायला बसलो तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं उतरलं. (कथेत त्या ड्रायव्हरचं हुबळीला दुसरं घर दाखवलं आहे, ते अर्थातच काल्पनिक.) कथा आवडली लोकांना. तीन-चार वाचकांचे फोन आले, सगळ्यांनी तेवढंच वाक्य म्हणून दाखवलं. अंक मीच हौसेनं शाळेच्या वाचनालयात ठेवला. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून ती मुलगी, आता दहावीत आहे, शनिवारी 'एका गावात एक राजा होता' असलं काहीतरी लिहून देते. निबंध गाईडातून उतरवते. माझ्याकडे बघत नाही. तिची गेल्या वर्षीची वही अजून माझ्या कपाटात आहे.

सहकारी म्हणतात, लेखक असंच करतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. हेडसर म्हणतात, दहावीच्या वर्षात गोष्टी कसल्या लिहून घेता, पालक विचारतात. कधी वाटतं तास बंद करावा, कधी वाटतं लिहिणंच बंद करावं. माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली. ते साखर कारखान्याच्या काट्यावर होते. हंगामात आमच्या सगळ्या घराला मळीचा वास यायचा. ते गेल्यापासून तसंही मला स्वतःचं काही सुचत नाही. काय करू?

एक शिक्षक"

प्रिय सर,

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे, पण सही 'एक शिक्षक' अशी केलीत, तेव्हा सरच म्हणते. बत्तीस वर्षं स्टाफरूममध्ये काढल्यावर दुसरं काही तोंडात येत नाही.

वाचकांसाठी आधी एक खुलासा. वरच्या पत्रातला तालुका, मुलीच्या वडिलांचा धंदा, ते दुसऱ्या घराचं गाव आणि मुख्य म्हणजे मुलीचं वाक्य, हे सगळं मी बदललेलं आहे. पिठाची मूठ माझी. मूळ वाक्य याहून चांगलं आहे आणि ते इथे पुन्हा एकदा छापायचा अधिकार सरांनाही नाही, मलाही नाही.

आता तुमच्याकडे वळते. पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. हुबळीचं दुसरं घर, 'अर्थातच काल्पनिक'. अर्थातच कुणाला, सर? तुम्हाला. गावात ज्यानं तो अंक उघडला, त्याला आधी वळणावरचा हॉर्न ऐकू आला, काठवटीपाशी बसलेली बाई दिसली, आणि हे घर कुणाचं ते त्यानं तिथेच ओळखलं. पान उलटलं तर हुबळी. इथवर खरं आणि इथून पुढे रचलेलं, अशी चाळण त्यानं कुठून आणायची? तुमच्या कथेत तशी रेघ कुठे मारलेली नव्हती, आणि नसतेच. उलट आपण मुलांना शिकवतो काय? एक तपशील असा खणखणीत द्या की त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जाईल. तुम्ही तेच केलंत, आणि चांगलं केलंत, म्हणून तर फोन आले. फक्त खणखणीत नाणं तिचं होतं, आणि त्यावर खपलेला माल तिच्या बापाच्या नावावर चढला.

तिच्या बाजूनं जरा बघा. सरांची गोष्ट आली म्हटल्यावर वाचनालयात पहिली तीच धावली असणार. जी मुलगी असलं वाक्य लिहिते ती सरांची गोष्ट वाचल्याशिवाय राहणारच नाही. स्वतःचं वाक्य छापलेलं बघून क्षणभर तिचे कानही तापले असतील आनंदानं. मग पुढचं पान. मग घरी गेल्यावर आईच्या तोंडाकडे बघताना काय झालं असेल, ते तुम्ही-मी नुसतं अंदाजानं बोलायचं.

शब्द गेले, घर उघडं पडलं, बापावर किटाळ आलं. यातलं तिला नेमकं काय लागलंय हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुम्ही चोरीचंच धरून बसलाय, कारण लेखकाला तेवढा एक गुन्हा लवकर कळतो. तिला वाक्याचं काहीच वाटत नसेल. किंवा फक्त वाक्याचंच वाटत असेल, आणि हुबळीवर ती आईबरोबर पोट धरून हसलीही असेल. मुलांचं काही सांगता येत नाही. म्हणून विचारायचं असतं.

तुमचे सहकारी म्हणतात, लेखक असंच करतात. खरंय की. एसटीत पुढच्या सीटवर दोन बायका बोलत असल्या की माझी मान आपोआप पुढे जाते. मयताला गेले तरी कान उघडे असतात, लाज वाटते पण असतात. पण सर, वही म्हणजे एसटी नव्हे. एसटीतल्या बाईनं तुमच्यावर काही सोपवलेलं नसतं. इथे तुम्ही विषय दिलात, तुम्ही वह्या गोळा केल्यात, लाल पेन तुमच्या हातात होतं. 'घरातला आवाज लिहा' म्हणाल्यावर 'नाही लिहीत' म्हणायची सोय नववीतल्या मुलीला आपल्या शाळांत असते का? तिनं तुम्हाला दिलं ते मराठीच्या सरांना दिलं. घेतलं मात्र लेखकानं. दोघे एकाच खुर्चीत बसतात ही अडचण आहे, आणि ती तुम्ही नोकरीत असेपर्यंत राहणार.

माझंही एक झालेलं आहे. सांगते, म्हणजे मी फार उंचावरून बोलते असं वाटायला नको. २००५च्या महापुरानंतरची गोष्ट. आमच्या सांगलीत पाऊस लागला की माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती फूट?' विचारतात. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. २०१९ला पाणी ५७च्याही वर गेलं, पण २००५चा पूर आमच्या पिढीनं पाहिलेला पहिला मोठा, म्हणून तो जास्त लक्षात आहे. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी आठवीला 'पूर' यावर लिहायला दिलं. वहीमागून वहीत निसर्गापुढे माणूस हतबल झाला होता. आणि मग एका वहीत हे आलं : 'पाणी गेल्यावर भिंतीवर एक रेघ राहिली. आजी रोज सकाळी ती पदरानं पुसते. रेघ जात नाही. पदर मळतो.'

मी आनंदानं वेडी झाले. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याला उभं करून, नाव घेऊन. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'रेघ्या' पडलं होतं. दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत तो रेघ्याच राहिला. त्याच्या आजीला शाळेच्या फाटकाशी पोरं पदर झटकून दाखवायची, हे मला फार उशिरा कळलं. मी त्याची माफी कधी मागितली नाही, कारण मी तर कौतुक केलं होतं! कौतुक करणाऱ्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नाही. चार वर्षांपूर्वी मंडईत भेटला, दोन मुलींचा बाप. गर्दीत वाकून पाया पडला. मी विचारलं, लिहितोस का रे काही? "कसलं हो बाई," म्हणाला आणि मेथीची जुडी पिशवीत कोंबली. (हेही मी त्याला विचारून लिहिते आहे. आजीची ओळ छापू का म्हटल्यावर म्हणाला, "आता आजी नाही, छापा." शिकायला मला इतकी वर्षं लागली.)

तर आधी तिच्याकडे जा. तासाचं काय, लिहिण्याचं काय, ते मागाहून.

जायचं कसं, ते नीट सांगते. वर्गात नाही. कपाटामागच्या खोलीत एकटीला बोलावून तर मुळीच नाही, तुम्ही पुरुष शिक्षक आहात, ती दहावीतली मुलगी आहे आणि गाव लहान आहे. मधल्या सुट्टीत, वाचनालयात, दार उघडं, आणि जिच्याशी तिचं पटतं अशी एखादी मॅडम तिथेच काहीतरी चाळत बसलेली. त्या मॅडमना आधी सगळं सांगून ठेवा. आणि सांगायचं मोजकं. आपण मराठीचे मास्तर माफी मागायला गेलो की तिचा निबंध होतो, प्रस्तावना आणि समारोपासकट. एवढंच म्हणा : "तुझं वाक्य मी न विचारता माझ्या कथेत घातलं. पुढे जे दुसऱ्या घराचं लिहिलं ते माझ्या मनातलं आहे, तुमच्या घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण वाचणाऱ्याला तसा वाटेल, हे मला लिहिताना कळायला हवं होतं. माझं चुकलं." आणि मग गप्प राहा. 'पण' नको. 'तुझं वाक्य इतकं सुंदर होतं ना, की' हे तर अजिबात नको. त्या घटकेला ते कौतुक म्हणजे लाच.

ती बहुतेक म्हणेल, "जाऊ दे सर." आपल्याकडच्या मुली असंच म्हणतात. त्याचा अर्थ गेलं असा नसतो, 'आत्ता मला इथून जाऊ द्या' असा असतो. जाऊ द्या. फक्त जाण्याआधी एक विचारा : तो अंक वाचनालयात राहू दे की काढू? तुम्ही हळूच उचलून नेलात तर उलट चर्चा होईल, 'काहीतरी असणार म्हणूनच काढला'. तिनं काढा म्हटलं तर काढा. राहू दे म्हटलं तर तिथे राहू दे, आणि येताजाता तुम्हाला दिसू दे.

संपादकांना मात्र तिच्या उत्तराची वाट न बघता पत्र टाका. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो, म्हणजे दुरुस्ती छापली तरी पुढच्या दिवाळीला, लोक तोवर कथा विसरलेले असतील. तरी टाका. कथेतलं अमुक वाक्य माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, कथेतल्या घटना काल्पनिक आहेत, बस. नाव नको. नाव द्यायचं की नाही हे ती आणि तिचे आईवडील ठरवतील, आणि नाव दिलं की घरही दिलं, हे त्यांना समजावून सांगायचं काम तुमचं. पुढेमागे कथासंग्रह निघाला तर ते वाक्य काढून कथा वाचून बघा. उभी राहिली तर तुमची. कोसळली तर संग्रहात घेऊ नका.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण शाळांत याबद्दल भलताच समज असतो. वही शाळेनं दिली, विषय सरांनी दिला, म्हणून आतला मजकूर शाळेचा होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्या क्षणी तयार होतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही, आणि लिहिणारा चौदा वर्षांचा असला म्हणून तो कमी होत नाही. भाकरी थापणारी आई कुणाच्याही कथेत येऊ शकते, तिच्यावर कुणाची मालकी नाही. वाक्यावर आहे. गंमत म्हणजे वार्षिक अंकात मुलांच्या कविता 'सुधारून' स्वतःच्या नावानं छापणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही त्यांच्यातले नाही. त्यांना तुमच्यासारखं पत्र लिहावंसं वाटत नाही.

घरापर्यंत बोलणं पोचलेलं असेल तर तिच्या आईवडिलांना भेटावं लागेल. त्या मॅडमना बरोबर न्या, मुलीला आधी सांगून जा, आणि तिचे वडील ज्या दिवशी गावात असतील त्या दिवशी जा. नुसत्या आईला गाठून निपटवायचा हा विषय नाही. चार शब्द ऐकावे लागतील. ऐका.

आता तुमचा शनिवारचा तास. तो बंद केलात तर त्या मुलीला काय कळेल ते सांगू? माझ्यामुळे बंद पडला. बाकीच्यांनाही तेच कळेल, आणि मग तिची खैर नाही. तास चालू राहिला पाहिजे. हेडसरांसाठी एक आकडा देते. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, लेखी परीक्षेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यात पत्र, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन असं सगळं येतं, आणि हे गाईड पाठ करून नीट जमत नाही, तपासणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतं. हा युक्तिवाद थोडा लबाडीचा आहे, मला कळतं. कथा हा त्यातला पाच गुणांचा, तोही ऐच्छिक तुकडा. आणि तुम्ही काही गुणांसाठी तास घेत नाही. पण हेडसरांना संस्थेला तोंड द्यायचं असतं, त्यांच्या हातात एखादा आकडा असू द्यावा. मुख्याध्यापकांशी भांडून वाचलेला उपक्रम मी आजवर पाहिलेला नाही.

मात्र तास आहे तसा चालवू नका. 'घरातला एक आवाज' हा विषय चांगला आहे, फार चांगला आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. तो दार वाजवत नाही, सरळ माजघरात घुसतो. माझ्या पदरचा एक नियम तुम्हाला देते, रेघ्याच्या नंतर केलेला : पान दुमडलेलं असेल तर बाईंनी वाचायचं नाही. लिहायचं, दुमडायचं, वही द्यायची. पहिले दोन महिने पोरं परीक्षा घेतात, दुमडलेल्या पानात केस ठेवतात, दुसऱ्या दिवशी केस जागेवर आहे का बघतात. माझी एका पोरीनं घेतली होती तशी परीक्षा. केस जागेवर होता. त्यानंतर तिनं न दुमडता जे लिहायला सुरुवात केली, ते काय सांगू.

एक अपवाद त्यांना पहिल्याच दिवशी बोलून दाखवा. उघड्या पानावर एखाद्या मुलाला कुणी इजा करतंय, अंगाला हात लावतंय असं दिसलं, तर सर गप्प बसणार नाहीत. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर ती कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं सक्तीचं आहे, शिक्षकाला त्यातून सुटका नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, म्हणजे त्याच्यावरून वेगळं भाषण करावं लागत नाही.

आणि मुलांना लपवायला शिकवा. तुम्ही कथा लिहायला शिकवता म्हणता, पण पत्रावरून दिसतं ते खरं लिहायला शिकवता. खरं लिहिणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे ते खरं असं हलवायचं की त्यातली कळ राहिली पाहिजे आणि घराचा पत्ता गेला पाहिजे. ट्रकऐवजी मळ्यातली रात्रीची लाईट आणा. दोन वाजता थ्री फेज आली की बाप बॅटरी घेऊन उठतो, आणि आई त्याच्या जागेवर लहानग्याला सरकवते. बापाऐवजी मामा करा, कोरेगावऐवजी जत करा. मी वर तुमच्या विद्यार्थिनीचं वाक्य बदललं तेव्हा हेच केलं, आणि माझा काय तो मुद्दा तुमच्यापर्यंत पोचलाच की. तुम्ही कथेत नेमकं हेच केलं नाहीत. ट्रक असता तर तुम्ही ट्रकच ठेवला असता. गुरुजी म्हणून चुकलात ते आहेच, पण कथाकार म्हणूनही तो आळस झाला, हे मी मराठीची बाई म्हणून सांगते. शाळा जवळ असती तर वहीत शेरा मारला असता.

तुम्ही स्वतः त्या तासाला काय करता? पत्रात ते नाही. वर्गात फिरत असाल, किंवा हजेरी पूर्ण करत असाल. त्यांच्याबरोबर लिहायला बसा. तोच विषय, तेवढाच वेळ, आणि शेवटी तुमचं भिकार पहिलं खरडलेलं वाचून दाखवा. संपादकांनी 'साभार परत' केलेलं एखादं पाकीट असेल तर तेही न्या वर्गात. मुलांना छापलेले सर माहीत आहेत. खोडाखोड करणारे सर त्यांनी पाहिलेलेच नाहीत.

जमलं तर जानेवारीत औदुंबरला न्या. कृष्णाकाठी दर संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं, दत्ताचं दर्शनही होतं, म्हणजे पालक हरकत घेत नाहीत. त्याआधी तुमच्याच जिल्ह्यातलं भिलार. पाचगणीच्या वरचं स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७च्या मे महिन्यात ते 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला २५ जागा होत्या, बऱ्याचशा लोकांच्या राहत्या घरांतल्या. तुम्ही गेलात की घरातली आजी ओट्यावर शेंगा निवडत असते आणि तुम्ही तिच्या बाहेरच्या खोलीत बसून कादंबरी वाचता. मी गेले होते तेव्हा एका घरी बाहेरची खोली पुस्तकांची होती आणि आतल्या दाराला पडदा होता. पडद्याच्या आत कुणी जात नव्हतं, आणि 'आत येऊ नये' अशी पाटीही नव्हती. कुठवर यायचं ते त्या घरानं ठरवलं होतं. तुमच्या पोरांना तो पडदा दाखवा, बाकी पुस्तकं ती आपली आपण बघतील.

राहता राहिलं लिहिणं बंद करायचं. हा प्रश्न मला फारसा खरा वाटला नाही, रागावू नका. चूक झाल्यावर माणूस मोठी शिक्षा सुचवतो, म्हणजे छोटी भोगावी लागत नाही. आमच्या सांगलीत जन्मलेले खांडेकर १९२०मध्ये शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले ते १९३८पर्यंत तिथेच शिकवत होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्याच वर्षांतल्या. पुढे ज्ञानपीठ मिळालं वगैरे सोडा. मला त्यातली अठरा वर्षांची वह्यातपासणी दिसते. खडूचे हात आणि शाईचे हात एकाच माणसाचे असणं यात नवीन काही नाही.

पण 'स्वतःचं काही सुचत नाही' हे खरं आहे, आणि पत्रात ते तुम्ही जाता जाता लिहिलंत. स्वतःच्या घरात जाववत नाही म्हणून तुम्ही पोरीच्या घरात शिरलात, असं मला वाटतं. चुकत असेन तर सोडून द्या.

मळीच्या वासाची ओळ छापू का, म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. "वडील काट्यावर होते हेही राहू दे का?" असं विचारलं, आणि तुम्ही थांबलात. मला वाटलं फोन कटला. मग म्हणालात, "छापा बाई. पण ते काट्यावर होते म्हणून कुणी भलतं समजायला नको." ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. काट्यावरचा माणूस म्हटला की काटामारीची, उसाचं वजन कमी दाखवल्याची, कुजबुज आलीच, मग त्यानं आयुष्यात एका किलोचा फरक केला नसला तरी. समजा, उद्या कुणी एक चांगला लेखक तुमच्या त्या ओळीवरून कथा लिहील. घरभर मळीचा वास, हंगामातल्या रात्री, सगळं तुमचं. आणि पुढच्या पानावर त्या बापाला काटा मारताना दाखवील, अर्थातच काल्पनिक. तुम्ही ती कथा कारखान्याच्या गावात, ओळखीच्या माणसाच्या हातात बघाल.

फोनवर तुम्हाला थांबायला मिळालं, तेवढा वेळ तिला मिळाला नाही.

आणि ती काट्याची गोष्ट तुम्हीच लिहायची आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. घाई नको. आधी दुमडून ठेवा, शनिवारी, मुलांच्या बरोबर बसून. वजनाच्या चिठ्ठीवर ते सही कशी करायचे, बैलगाडीवाल्यांशी कुठल्या आवाजात बोलायचे, पहाटे घरी आल्यावर तुम्हाला उठवायचे की नाही, असलं काहीतरी. कुजबुज त्यांच्या कानावर आली होती का, हेही तुम्हाला कधीतरी लिहावं लागेल. आईला विचारून.

तिची वही सोमवारी परत करा. गेल्या वर्षीची वही यंदा कपाटात असायचं काही कारण नाही. देताना नवं कव्हर घालू नका, आत चिठ्ठी ठेवू नका, पेन भेट देऊ नका. त्या पानावरचा लाल 'छान' खोडायचा मोह होईल, तोही आवरा. तो तुम्ही लिहिला तेव्हा खराच होता. वही तिच्या हातात द्या, बाकावर टाकू नका.

तुमची,
बाई